मयतीतली कुजबुज

माझा मोबाइल काढून घेतला तो होळीचा दिवस होता. घरात पुरणाचा वास, चुलीवर कटाची आमटी, आणि सुनेला चोर ठरवायला ह्यांना तोच मुहूर्त सापडला. हर्षलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एक हात धुता धुता दुसरा पुढे केला. "दे इकडे. मामला निपटेपर्यंत माह्यापाशी राहू दे."

माझे सासरे भगवानराव पाटावर बसले होते. माझ्याकडे न बघता पोळीवर तूप ओतत म्हणाले, "घरातली गोष्ट घराबाहेर जाऊन राह्यली. तोंड कोनाचं ते सापडलं पाह्यजे. आखाजीपर्यंत नाही सापडलं, त तू काही दिवस नांदुऱ्याले जाऊन राय."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दीड-दोन महिन्यांवर होती. नांदुरा माझं माहेर. 'काही दिवस जाऊन राहा' याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. ज्या बाया अशा काही दिवसांसाठी माहेरी गेल्या, त्यांचे ते दिवस अजून संपलेले नाहीत. मी वाढत राहिले. पण आतून अशी पेटले होते की चौकातल्या होळीला गोवऱ्या कमी लागल्या असत्या.

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर दोन्ही आळ्या एक होऊन माझ्यावर केस करतील. उंद्री आणि जानेफळ यांच्या मधल्या पट्ट्यात कुठेतरी आहे, एवढं समजा. वरची आळी आमची, खालची तिथले पुढारी इंद्रभान यांची. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे सोयरे. मग वेशीवर कमान मंजूर झाली, दोन खांब उभे राहिले, आणि वरच्या पट्टीवर नाव कोणाच्या वाडवडलांचं यावरून गाव उभं फुटलं. खांब तसेच राहिले. त्यांच्या मधून बस जाते, म्हशी जातात, नाव काही वर चढत नाही.

यादवी युद्ध म्हणजे काय ते मी शाळेत पाठ केलं होतं. समजलं ते इथे नांदायला आल्यावर. पिठाच्या गिरण्या दोन झाल्या. हरिनाम सप्ताह दोन, भोंगे एकमेकांकडे तोंड करून. न्हाव्याला दोन्ही आळ्यांत वेगळी खुर्ची ठेवावी लागली. खालच्यांची सोयाबीनची रचलेली सुडी पेटली, आमच्या मोटारीची केबल तुटली, काठ्या निघाल्या, केसेस झाल्या. आणि ह्या सगळ्यात आमची प्रत्येक चाल खालच्या आळीला आधी कळायची.

नावाची स्टीलची अक्षरं चिखलीहून गुपचूप टेम्पोत येणार होती. टेम्पो फाट्यावरच अडवला, अक्षरं विहिरीत गेली. पुढे भल्या पहाटे खांबांवर फलक बांधायचा म्हणून हर्षल शिडी घेऊन गेला, तर खांबामागे माणसं दबा धरून बसलेली. त्याच्या डोक्याला टाके पडले. त्या दिवशी चिखलीच्या दवाखान्यात मी शपथ घेतली होती की हे ज्या तोंडातून गेलं ते तोंड माझ्या हाती लागू दे. आणि आता तेच तोंड माझं आहे असं घर म्हणत होतं. ह्याला म्हणायचं चोराच्या उलट्या बोंबा, पण चोर कोण ते ठाऊक नसताना ही म्हणही वापरता येत नव्हती.

बैठक ओसरीत बसायची. आत चहा न्यायच्या दोघीच: मी आणि माझ्या सासूबाई. गाव त्यांना विमलबाई म्हणतं, मी आत्याबाई म्हणते. म्हणजे ऐकणारी दोघींतलीच एक. मी नव्हते, हे मला माहीत होतं. उरलं कोण ते सांगायला पंचांग नको.

पण आत्याबाईंवर संशय घ्यायचा तर धरायचं कुठे? बाई दिवसभर मान खाली घालून कामात. मोबाइल नाही. गिरणीत नाही, बाजारात नाही, शेजारीसुद्धा नाही. बोलणं मोजकं, तेही "हाव" आणि "बरं". मी त्यांच्या मागे सावलीसारखी राहू लागले. गोठ्यात गेल्या की मी शेणाची पाटी घेऊन हजर. गच्चीवर गेल्या की माझे कपडे वाळलेले. त्यांना कळत असणार, कारण एकदा त्या न वळता म्हणाल्या, "पडशील वं, एवढी माह्या टाचेवर चालू नको."

एकाच ठिकाणी त्या आपणहून जायच्या, तेही लगबगीने. मयतीला.

आमच्याकडे मयतीला वैर नसतं. कोणाच्याही घरी माणूस गेलं की दोन्ही आळ्यांनी जायचं. पुरुष अंगणात माना खाली घालून बसतात. बाया आत एकमेकींच्या गळ्यात पडून हेल काढून रडतात, दोघींच्या डोक्यावरून पदर ओढलेला, एकीचं तोंड दुसरीच्या कानाशी. रडणाऱ्या बाईला तिचं रडून होईस्तोवर कोणी ओढायचं नाही, ढकलायचं नाही. तसं करणं पाप समजतात. मी नांदुऱ्याची, आमच्याकडे आता पोरी तोंडाला रुमाल लावून मुसमुसतात. पहिल्यांदा हा प्रकार बघितला तेव्हा मला भीती वाटली होती आणि, खोटं कशाला बोलू, थोडं हसूही आलं होतं.

आत्याबाई दर वेळी एकाच गळ्यात पडायच्या. काजलताईच्या.

काजलताई ही हर्षलची मोठी बहीण, इंद्रभानच्या घरी दिलेली, त्यांच्या मुलाची, ज्ञानेश्वरची बायको. गाव फुटल्यापासून तिला माहेरचा उंबरा बंद. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर आई आणि लेक, आणि भेट होणार ती कोणी मेलं तरच. त्यामुळे मायलेकी गळ्यात पडून ढसाढसा रडताना बघून बाया म्हणायच्या, मायेचं काळीज हो. मीही म्हणायचे. आता मी मागचं आठवून बघितलं. शिंप्याचा बाप गेला, त्याच आठवड्यात टेम्पो अडवला. गुरवाची आई गेली, आणि हर्षलचं डोकं फुटलं. स्वतःच्या पोराचं डोकं?

मी कोणाला काही बोलण्याआधी सासऱ्यांनी आपला डाव टाकला. भगवानराव शेती करतात, पण खरं डोकं चालतं ते कोर्टात. त्यांनी मला चहा ठेवताना ऐकू जाईल असं सांगितलं की कमान उचलायची क्रेन बुधवारी चिखलीहून येते. आत्याबाईंना जेवताना सांगितलं की गुरुवारी जानेफळच्या रस्त्याने. दोन्ही गोष्टी बनावट. मध्येच खालच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याचं दहावं झालं, तिथेही बाया जातात, रडतात. बुधवारी चिखलीच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गुरुवारी जानेफळच्या रस्त्यावर बाभळीखाली ज्ञानेश्वर आणि त्याचे दोस्त दिवसभर उन्हात पत्ते खेळत बसले.

संध्याकाळी हर्षलने मोबाइल आणून माझ्या हातात दिला. वर "सॉरी" म्हणाला. मी सुटले होते. मला इतका आनंद झाला की आधी आईला फोन केला आणि उगाच आंब्याचे भाव विचारले.

दुसऱ्या दिवशी ओसरीत चहा नेला तर बोलणं थांबलं नाही. आता मी खात्रीची होते ना.

"आईले काहीच बोलाचं नाही," सासरे हर्षलला सांगत होते. "पाइप सापडला म्हनून कोनी फोडते का? त्यातून आता आपलं पानी सोडाचं. तिच्या कानावर घालाचं का कमान आखाजीच्या दुपारी चढते. अन् आपन चढवाची आदल्या दिवशी सकाळी, ते बेसावध असतानी."

"ते पुऱ्या तयारीनं आखाजीले येतीन," हर्षल म्हणाला, "अन् वर पाह्यतीन तं आपल्या आजोबाचं नाव." तो हसला. चांगलं मोकळं हसला.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "आणि काजलताईंचं काय? खोटी बातमी त्यांनीच नेली असं होईल ना."

सासऱ्यांनी बशीत चहा ओतला. "तिले काय होते? ते तं त्याह्यच्याच घरची हाय."

मी कपबश्या गोळा करून आत आले. बाकी सगळं सोडा, पण 'त्याह्यच्याच घरची' हे मला लागलं. कारण मी नांदुऱ्याला गेले असते तर माझ्याबद्दल तिकडे आणि इकडे दोन्हीकडे असंच म्हटलं असतं.

कुरड्यांचे दिवस होते. गच्चीवर आत्याबाई सोऱ्यातून कुरड्या घालत होत्या आणि मी कापड ताणून धरलं होतं. मी विचार केला, आता आडून आडून पुरे.

"आत्याबाई, गुरुवारची गोष्ट काजलताईंना तुम्ही सांगितली ना?"

सोऱ्या फिरत राहिला. "कोनती गोष्ट?"

"जानेफळच्या रस्त्याची."

आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या घरात आल्यापासून इतकं सरळ त्यांनी कधी बघितलं नव्हतं. "मोबाइल भेटला वाटते वापस. कशापायी भेटला, ते समजलं मले. जाय, सांग त्याइले. काय सांगाचं ते सांग."

"मी कोणाची पाठवलेली नाही."

"सारेच असं म्हनतेत."

"आत्याबाई, ते खोटं होतं. क्रेन येणारच नव्हती. मामाजींनी मुद्दाम तुमच्या कानावर घातलं. कोण सांगतं ते बघायला."

सोऱ्याचं तोंड खाली झालं आणि गव्हाचा चीक कापडावर ओघळत राहिला. एरवी दाणाही वाया जाऊ न देणारी बाई, पण तिने तिकडे बघितलं नाही. "खोटं होतं?" एवढंच म्हणाल्या, आणि रणरणत्या उन्हात खाली बसल्या. "मंग आता तिचं काय केलं असंन वं त्याइनं?"

मग त्या बोलल्या. मी आल्यापासूनच्या दोन वर्षांत बोलल्या नव्हत्या तेवढं एका दमात बोलल्या.

"गाव फुटलं तवापासून ते वैऱ्याची पोरगी झाली. पोरबाळ नाई, मंग तिच्याकून बोलनार कोन? चुलीपाशी येऊ देत नोते. मोबाइल चुलीत घातला. पहिल्या मयतीत गळ्यात पडली तं मले नुसते हाडं लागले हाताले. म्हने, आई, काई तरी सांग वं वरच्या आळीचं. काई नेलं का चार दिवस भाकर सुखाची भेटते, नाई तं गोठ्यात निजवतेत. मी काय करू? माह्यापाशी देयाले दुसरं काय होतं?"

"आणि हर्षलचं डोकं?" मी म्हणाले. मला ते गिळता येत नव्हतं. "तुम्हाला माहीत होतं तो जाणार आहे म्हणून."

"होतं." त्यांनी डोळेसुद्धा पुसले नाहीत. "त्याचं फुटलं तं सारा गाव पाहाले आला. चिखलीले टाके घातले, घरात सफरचंदं आली, तू उशापाशी बसली. तिच्या अंगावरचं कोन पाहाले जाते? लुगड्याच्या आत हाय ते."

मी खूप चिडले होते आणि ते चिडणं ठेवायला मला जागा सापडेना. म्हणाले, "मग तिला घरी आणा ना! एवढं माहीत होतं तर आणायचं होतं."

"म्हनलं होतं मी तुह्या सासऱ्याले. त्याइनं काय म्हनलं माहीत हाय? म्हने, राहू दे तिथीच, तिकडची खबर भेटते." त्या हसल्यासारखं काहीतरी करत होत्या. "पहिले मले मयतीत त्याइनंच पाठोलं ना वं, तिच्याकून काढून आन म्हनून. मी तिकडची इकडे आनाची. अन् इकडची तिकडे देयाची. देल्याबिगर ते कशी आनन?"

म्हणजे ही मान खाली घालणारी बाई दोन्ही फौजांची हेर होती, आणि दोन्हींना वाटत होतं की तिला आपणच विकत घेतलंय. मला माझ्या सासूचा राग यायला हवा होता. आला तो ओसरीत बशीने चहा पिणाऱ्या माणसाचा. नवऱ्याचाही आला, पण त्याच्यासाठी मी थोडा राखून ठेवला.

त्याच रात्री जेवताना सासऱ्यांनी आत्याबाईंच्या कानावर घातलं, "कमान आखाजीच्या दुपारी." त्या म्हणाल्या, "बरं."

आता गाठ अशी बसली होती. ही बातमी ताईला दिली तर ती खोटी निघणार, आणि लागोपाठ दुसरी खोटी बातमी आणणाऱ्या बाईचं त्या घरात काय होईल हे बोलायची गरज नव्हती. खरी दिली तर हर्षल खांबावर चढलेला असताना खालून दगड येणार. काहीच दिली नाही तर ताई रिकाम्या हाताने परत जाणार, आणि आधीच्या खोट्याचा हिशेब तसाच. आम्ही दोघी कापूस वेचल्यासारखं एकेक वेगळं करून बघत होतो आणि कुठलंच धड निघत नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "बातमी द्यायचीच नाही. तिला आणायचं." आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खरंच माझी आहे की सासऱ्यांची, हे त्या अजूनही ताडत होत्या. मी त्यांच्या जागी असते तर मीही ताडलं असतं.

पण आणायचं तर भेटायला हवं, आणि भेटायचं तर मयत हवी.

देवा, माफ कर, पण आम्ही दोघी कोणीतरी मरायची वाट बघत बसलो. डोळे लावले ते छकुली आजीवर. नव्वदीच्या बाईला छकुली म्हणणारं आमचं गाव. लहानपणीचं नाव तिला चिकटलं ते सुटलं नाही. दोन आळ्यांच्या मध्ये पारापाशी तिचं घर, पुढे-मागे कोणी नाही, आणि दोन्ही आळ्यांची निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. संक्रांतीपासून ती आज जाते की उद्या अशी पडून होती. आत्याबाई रोज तिला वाटीभर रव्याची खीर पाठवायच्या आणि माझ्याकडून तब्येत विचारायच्या. विचारताना लाजायच्या. आणि म्हातारी त्या खिरीने उठून बसली. मला म्हणाली, "विमलले म्हना, उद्या थोडी गोड कर." मी घरी येऊन सांगितलं तर आत्याबाईंनी कपाळावर हात मारला आणि मग आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो. त्या घरात आम्ही दोघी मिळून हसलो ती पहिलीच वेळ.

आखाजीला थोडेच दिवस राहिले असताना म्हातारी झोपेतच गेली. खीर अर्धी तशीच वाटीत होती.

सगळं गाव लोटलं. अंगणात एका बाजूला वरचे, एका बाजूला खालचे, मध्ये तिरडीचे बांबू. इंद्रभान टोपी काढून मांडीवर ठेवून बसले होते, सासरे त्यांच्या समोर, दोघेही जमिनीकडे बघत. आत बायांची गर्दी. खालच्या आळीच्या बाया आल्या आणि त्यांच्या मागे काजलताई. पदर डाव्या हातावरून खाली ओढलेला. तिची सासू तिच्या अगदी पाठीशी.

आत्याबाईंनी हेल काढला आणि तिच्या गळ्यात पडल्या. मी मागून दोघींना कवेत घेतलं आणि तिघींवरून पदर ओढला. आत अंधार आणि घामाचा वास.

"कशी सोडून गेली वं मायऽऽ" ताईने गळा काढला, आणि त्याच श्वासात, खालच्या आवाजात, "मांगचं खोटं निंगालं वं आई... कोन करन आता आमचं छकुली आजीऽऽ... आता खरं सांग. नाई तं मले घरात नाई घेत."

पदराखाली मला तिचं डावं मनगट दिसलं. उलथन्याचा डाग होता, रुंद, कातडी अजून ओली. आत्याबाईंनाही तो दिसला असणार, कारण त्यांचं रडणं एकदम थांबलं. तेवढ्यात आजूबाजूच्या बायांचे हेलही ओसरत आले होते. आता कोणीही ऐकलं असतं.

मग जन्मात कधी मोठ्याने न रडलेली मी, "आजीऽऽ गं मायऽऽ" अशी ओरडले की दारातला कुत्रा उठून गेला. सगळ्या बाया पुन्हा रडायला लागल्या. नांदुऱ्याच्या सुनेला एवढी माया कुठून आली हे त्यांना नंतर बरेच दिवस पडलं असणार. मी ताईच्या कानात म्हणाले, "ताई, बातमी नाही. घरी चला."

"कोनाच्या?" ताई म्हणाली.

तिने ते खरोखर विचारलं होतं.

"आपल्या," मी म्हणाले.

"बाबा?"

"मी हाय ना," आत्याबाई म्हणाल्या. "माह्या गळ्यातला हात काढू नको. काहीही झालं तरी काढू नको."

तिरडी उठली. पुरुष खांदा देऊन निघाले, बाया वेशीपर्यंत मागे. वेशीवर, त्या बोडक्या खांबांपाशी, बाया थांबतात. पुरुष पुढे मसणवट्यात जातात. मग बायांनी वळायचं, वरच्यांनी वर, खालच्यांनी खाली. पुरुषांच्या पाठी वळणाआड होईपर्यंत आत्याबाई आणि ताई गळ्यात गळा घालून रडत उभ्या होत्या. ताईची सासू पुढे झाली. "चाल वं, बस झालं आता रडनं."

तिचा हात ताईच्या खांद्याकडे जाताना बघितला आणि मी त्या बाईच्या गळ्यात पडले. साधी नाही पडले, मिठीच मारली. "मावशीऽऽ, आजी गेली हो मावशीऽऽ!" ती बाई चांगली धिप्पाड, पण मीही धान्याची पोती उचलणाऱ्या घरातली आहे. ती सुटायला बघत होती आणि मी रडत होते. चारचौघींत रडणाऱ्या बाईला ढकलायचं कसं? तिने एकदा माझ्या पाठीवर थोपटलं, दोनदा थोपटलं, मग थोपटणं चापट्यांसारखं लागायला लागलं. "अवं सोड ना! काजलऽ! अवं, कुठी चालली ते!" खालच्या आळीच्या बायांना वाटलं हीही दुःखाने ओरडतेय. दोघी-तिघी येऊन आमच्या गळ्यात पडल्या. तिच्या खांद्यावरून मला दिसत होतं, वरच्या आळीच्या वळणावर दोन बाया एका पदराखाली चालल्या होत्या. त्या दिसेनाशा झाल्या तेव्हाच मी हात सोडले.

घरी आले तेव्हा आत्याबाईंनी ताईला अंगणात आंघोळ घालून माझं पातळ नेसवलं होतं. मनगटाला खोबरेल लावलं होतं. मी आंघोळ करून चूल पेटवली, भाकरी टाकल्या, ठेचा केला. ताई ओसरीत भिंतीला टेकून जेवायला बसली. घास घेतला की ती दाराकडे बघायची. मी म्हटलं, "ताई, सावकाश जेवा, कोणी येत नाही." पण मलाच त्याची खात्री नव्हती. आत्याबाई तिच्या समोर बसून नुसत्या बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कधी बघितला नव्हता. मला वाटलं, एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

पुरुष परत आले. वाटेतच त्यांना कळलं असणार, कारण सासरे झपझप आले आणि दारात थांबले, मागे ओल्या केसांनी हर्षल. बाप-लेकीची भेट तीन वर्षांनी होत होती. ते काहीतरी बोलणार होते; चांगलं बोलणार होते की वाईट, हे मला शेवटपर्यंत कळणार नाही.

कारण त्याआधीच ताईने भाकरीचं ताट बाजूला सरकवलं. घाईघाईने उठली, पदर डोक्यावर घेतला, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि सांगायला लागली.

"बाबा, त्याइनं खांबापाशी गोटे जमा करून ठेवले हायत, ताडपत्रीखाली. ज्ञानेश्वरचे दोस्त मेहकरहून येनार हायत. आखाजीच्या आंधीच येतीन. अन् पेट्रोलची क्यान हाय, ते कुठी ठेवली तेही मले माहीत हाय..."

तिला कोणी काहीही विचारलं नव्हतं. मी चुलीपाशी उलथनं हातात घेऊन उभी होते, ते मी खाली टाकून दिलं.

सासरे ओसरीच्या कडेला टेकले. थोडे पुढे झुकले. "कोन्या खांबापाशी?" ते म्हणाले. "डाव्या का उजव्या?"

हर्षल म्हणाला, "बाबा." तो एवढंच म्हणाला.

"डाव्या," ताई म्हणाली. "अन् अजून सांगतो मी, सारं सांगतो, अजून लय हाय माह्यापाशी..."

आत्याबाई उठल्या. त्यांनी आपला तळहात लेकीच्या तोंडावर ठेवला, आणि दुसऱ्या हाताने ते ताट तिच्यापुढे परत ओढलं. "जेव वं माय," त्या म्हणाल्या. "इथं काई सांगा लागत नाई."

ताईने मान डोलावली. तिचे डोळे मात्र बापाच्या चेहऱ्यावर होते, आणि आईच्या तळहाताखाली तिचे ओठ अजून हलत होते.